युनिक्स सर्व्हरवर विसरलेला पासवर्ड बदलून देताना

प्रश्न: लातूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागात उबंटूचा एक सर्व्हर आहे. त्यावर शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांची खाती आहेत. दिवाळीच्या सुट्टीनंतर निम्मे जण पासवर्ड विसरून येतात. सगळ्यांना 'स्टुडंट@१२३' लावून दिला तरी काहींचे लॉगिन होतच नाही, काहींचे चालू होऊन पुन्हा बंद पडते. नीट पद्धत काय? सर्व्हरचा मुख्य पासवर्डच हरवला तर काय करायचे? आणि हे काम लॅब असिस्टंटकडे सोपवता येईल का?

उत्तर:

पासवर्ड बदलायला दहा सेकंद लागतात. खरा वेळ द्यायचा तो दोन गोष्टींना: बिघाड पासवर्डचाच आहे का, आणि मागणारा माणूस त्याच खात्याचा आहे का. तुमच्याकडे रीसेट करूनही ज्यांचे लॉगिन होत नाही, त्यांतल्या बहुतेकांचा पासवर्ड मुळात बिघडलेलाच नसणार.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाका. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे. 'पासडब्ल्यूडी' म्हणजे पासवर्ड या शब्दातले ओ आणि आर गाळलेली कमांड, आणि 'चेज' म्हणजे चेंजमधला एन गाळलेली. 'सुडो' म्हणजे पुढची कमांड रूटच्या, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या मुख्य खात्याच्या, अधिकाराने चालवणे.

विद्यार्थी येऊन एवढेच सांगतो, "सर, लॉगिनच होऊ नाही लागलं." त्याला आधी विचारा की स्क्रीनवर नेमके काय आले. पासवर्ड विचारला आणि मग 'परमिशन डिनाइड' आले, तर पासवर्ड चुकला असण्याची शक्यता आहे. पण त्याच ओळीत कंसात फक्त 'पब्लिक-की' लिहिलेले असेल, तर सर्व्हर पासवर्ड घेतच नाही. एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सेवेच्या) सेटिंगमध्ये पासवर्डने लॉगिन बंद आहे. क्लाउडवरच्या उबंटूत हे नेहमी दिसते, आणि तिथे शंभर वेळा पासवर्ड बदलला तरी उपयोग नाही. 'धिस अकाउंट इज करंटली नॉट अव्हेलेबल' आले, तर खात्याचा शेल (कमांड घेणारा प्रोग्रॅम) 'नोलॉगिन' केलेला आहे. ग्राफिकल स्क्रीनवर पासवर्ड टाकल्यावर क्षणभर काळे होऊन पुन्हा लॉगिनचीच चौकट येत असेल, तर पासवर्ड बरोबर आहे. होम फोल्डरची जागा किंवा कोटा भरला आहे, नाहीतर तिथली 'डॉट एक्सऑथॉरिटी' फाइल चुकून रूटच्या नावावर गेली आहे.

आणि 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येत असेल, पासवर्ड विचारण्याची वेळच येत नसेल, तर फेलटूबॅन (वारंवार चुका करणारा पत्ता अडवणारा प्रोग्रॅम) पाहा. महाविद्यालयात याचा त्रास जास्त होतो, कारण सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कवर किंवा क्लाउडवर असेल तर अख्खी लॅब त्याला एकाच आयपी पत्त्यावरून दिसते. फेलटूबॅनची मूळ सेटिंग अशी असते की दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की तो पत्ता दहा मिनिटे बंद. एका मुलाने पाचदा चुकीचा पासवर्ड टाकला की उरलेल्या चाळीस जणांचे दार लागते, आणि सगळे जण एकदमच "पासवर्ड चालेना" म्हणून येतात. पाहण्याची आणि सोडवण्याची कमांड:

सुडो फेलटूबॅन-क्लायंट स्टेटस एसएसएचडी
सुडो फेलटूबॅन-क्लायंट सेट एसएसएचडी अनबॅनआयपी (तो पत्ता)

आपल्याकडे आणखी एक कारण हमखास निघते, ते म्हणजे कीबोर्ड. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट लावलेले असते, आणि आधी बसलेल्याने सुपर व स्पेस दाबून मराठी करून ठेवलेले असते. पासवर्डच्या जागी ठिपकेच दिसतात, टर्मिनलवर तर तेही नाहीत. त्यामुळे आपण देवनागरी टाइप करतोय हे मुलाला कळत नाही. लॉगिनच्या स्क्रीनवर कोपऱ्यात भाषेचे चिन्ह असते, ते आधी बघायला सांगा. कॅप्स लॉक आणि लॅपटॉपचा नम लॉकही बघा. याची उलटी बाजू जास्त किचकट आहे: मुलाने पासवर्ड बदलतानाच कीबोर्ड मराठीत असेल, तर पासवर्ड देवनागरीत साठतो. त्या मशीनवर तो चालतो आणि घरून पुटी या एसएसएच प्रोग्रॅमवरून चालत नाही. लॉगमध्ये फक्त 'फेल्ड पासवर्ड' दिसेल, कारण दिसणार नाही. अशा वेळी सरळ नवीन द्या आणि इंग्रजी कीबोर्डवर समोर बदलून घ्या.

काही मुले अक्षरे उमटतात का हे पाहायला पासवर्ड वापरकर्त्याच्या नावाच्या जागी टाइप करतात. तसे करू देऊ नका. तो शब्द 'अज्ञात वापरकर्ता' म्हणून लॉगमध्ये उघड्या अक्षरांत नोंदला जातो. 'लास्टबी' चालवले की रूटला तो दिसतो आणि ऑथ लॉग वाचण्याचा अधिकार असलेल्या प्रत्येकाला दिसतो. असे झाले असेल तर तो पासवर्ड फुटला असे धरून बदला.

आता खात्याची अवस्था. समजा खाते सीएस१७ आहे:

सुडो पासडब्ल्यूडी -एस सीएस१७ (एस मोठा)
सुडो चेज -एल सीएस१७ (एल लहान)
सुडो फेललॉक --युजर सीएस१७

पहिल्या कमांडच्या उत्तरात नावानंतर पी असेल तर पासवर्ड आहे, एल असेल तर कुलूप आहे, एनपी असेल तर पासवर्डच नाही. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर पी आणि एल यांच्या जागी पीएस आणि एलके येते. दुसरी कमांड तारखा दाखवते, आणि तिथे दोन मुदती वेगळ्या ओळखा. 'पासवर्ड एक्स्पायर्स' म्हणजे पासवर्डची मुदत. ती संपली तर नवा पासवर्ड घालून पुढे जाता येते. 'अकाउंट एक्स्पायर्स' म्हणजे खात्याचीच मुदत. ती संपल्यावर पासवर्ड कितीही बदला, लॉगिन होणार नाही. गेल्या वर्षीच्या तुकडीच्या खात्यांना ३० जून घालून ठेवलेला असतो आणि वर्ष राहिलेला विद्यार्थी जुलैत तक्रार घेऊन येतो, तो याच कारणाने. मुदत काढायला 'चेज -ई', ई मोठा, आणि पुढे -१.

तिसरी कमांड फेललॉक लावलेले असेल तरच कामाची. मूळ सेटिंगमध्ये पंधरा मिनिटांत तीन चुका झाल्या की खाते दहा मिनिटे बंद होते. या काळात बरोबर पासवर्डही नाकारला जातो, आणि बऱ्याचदा स्क्रीनवर वेगळा संदेश येत नाही. तुम्ही नवा पासवर्ड दिला तरी हा हिशेब पुसला जात नाही. तो 'फेललॉक --युजर सीएस१७ --रीसेट' असा वेगळा पुसावा लागतो. चालू होऊन पुन्हा बंद पडणाऱ्या खात्यांत हेही एक कारण शोधा: मोबाइलवरच्या किंवा फाइल पाठवण्याच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये जुना पासवर्ड साठवलेला असतो, तो दर काही मिनिटांनी स्वतःच प्रयत्न करत राहतो आणि खाते पुन्हा पुन्हा कुलूपबंद होते. फेललॉकच्या यादीत प्रत्येक चुकीची वेळ आणि मूळ पत्ता असतो. ठरावीक अंतराने येणाऱ्या नोंदी दिसल्या की तो माणूस नाही, यंत्र आहे.

मराठवाड्यात विजेचा विचार सोडून चालत नाही. लाइट दिवसभर नसते, यूपीएस संपतो, जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी मेलेली असते आणि मशीन चालू होताना तारीख कित्येक वर्षे मागे जाते. त्या अवस्थेत तुम्ही पासवर्ड बदलला तर 'शेवटचा बदल' म्हणून ती जुनीच तारीख नोंदली जाते. पुढे इंटरनेट आले, घड्याळ जुळले, आणि पासवर्डला ९० दिवसांची मुदत लावलेली असेल तर तुम्ही सकाळी दिलेला पासवर्ड दुपारी मुदतबाह्य होतो. उलट बाजूने, तारीख मागे गेलेली असताना लॉगिन केले तर 'पासवर्ड भविष्यात बदलला आहे' अशा अर्थाची नोंद लॉगमध्ये येते. केर्बेरॉस (नेटवर्कवर ओळख पटवण्याची पद्धत) वापरत असाल तर पाच मिनिटांच्या फरकालाच ते लॉगिन नाकारते. म्हणून लांब वीज गेल्यानंतरच्या सकाळी पहिली कमांड 'टाइमडेटसीटीएल'. ती बॅटरी स्वस्त आहे, बदलून टाका.

एवढे तपासून पासवर्डच विसरला आहे हे ठरले, तर मग माणूस तपासा. समोर आला असेल तर ओळखपत्र बघा आणि त्यावरचा हजेरी क्रमांक खात्याशी जुळवा. फोन आला असेल तर त्याच फोनवर पासवर्ड सांगू नका. कार्यालयाच्या नोंदीत असलेल्या क्रमांकावर तुम्ही उलट फोन करा. व्हॉट्सअॅपवरचा फोटो आणि नाव हा पुरावा नाही. मित्रामार्फत, वर्गप्रतिनिधीमार्फत निरोप आला तर देऊ नका. वरिष्ठांच्या खात्याबाबत तर हे जास्त कसोशीने पाळा: "मॅडम मीटिंगमध्ये आहेत, लगेच करून द्या" हा निरोप जितका घाईचा, तितकी परत फोन करण्याची गरज मोठी. परीक्षेचे गुण, प्रश्नपत्रिका, फीचा हिशेब त्याच खात्यात असतो. वहीत तारीख, वेळ, खाते, कोणी मागितले, ओळख कशी पटवली आणि कोणी केले एवढे लिहा. पासवर्ड कुठेही लिहू नका.

"जुनाच सांगा ना सर" असे कोणी म्हटले तर तो सांगताच येत नाही, हे समजावून द्या. युनिक्स पासवर्ड साठवत नाही, त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली खूण, साठवते, आणि हॅशवरून उलटे जाता येत नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत: पासवर्डमध्ये १२ बिटांचे सॉल्ट (यादृच्छिक भर), म्हणजे ४०९६ पर्यायांपैकी एक, मिसळायचे आणि कूटलेखन २५ वेळा करायचे. आज हे आकडे फार लहान आहेत. हे हॅश ठेवणाऱ्या /ईटीसी/शॅडो फाइलमधला दुसरा रकाना पाहिला तर $६$ ने सुरू होणारा हॅश एसएचए-५१२ चा असतो आणि $वाय$ ने सुरू होणारा येसक्रिप्टचा, उबंटू २२.०४ पासून नवा पासवर्ड येसक्रिप्टमध्येच साठतो. हॅशच्या आधी उद्गारचिन्ह असेल तर ते कुलूप.

प्रत्यक्ष बदल:

सुडो पासडब्ल्यूडी सीएस१७
सुडो चेज -डी ० सीएस१७ (डी लहान)

पहिल्या ओळीत नाव टाकायला विसरू नका. 'सुडो पासडब्ल्यूडी' एवढेच टाकून एंटर दाबले तर रूटचा पासवर्ड बदलतो. घाईत दोनदा नवा पासवर्ड टाकला जातो, 'अपडेटेड सक्सेसफुली' दिसते, मुलाचे लॉगिन तसेच बंद राहते आणि उबंटूवर मुद्दाम बंद ठेवलेले रूटचे खाते उघडे होते. चुकून झालेच तर 'सुडो पासडब्ल्यूडी -एल रूट' करून ते पुन्हा बंद करा.

दुसरी ओळ शेवटच्या बदलाची तारीख शून्य करते, त्यामुळे पुढच्या लॉगिनला नवा पासवर्ड घालावाच लागतो. तिचा आणखी एक फायदा आहे: पासवर्ड दोन बदलांमध्ये किमान सात दिवस ठेवावा असा नियम तुम्ही लावला असेल, तर तुमचा रीसेट हाही बदल धरला जातो आणि मुलाला 'अजून थांबा' असे उत्तर येते. तारीख शून्य असली की ती अडचण राहत नाही. मुलाला आधीच सांगून ठेवा की पहिल्यांदा जो 'करंट पासवर्ड' विचारतील तिथे तुम्ही दिलेला तात्पुरता पासवर्डच टाकायचा, नवा नाही. मग नवा दोनदा. एसएसएचवर बदल झाला की जोडणी आपोआप तुटते. तो बिघाड नव्हे, नव्या पासवर्डने पुन्हा आत यायचे.

हा मार्ग सगळीकडे लागू करू नका. ज्यांना फक्त एसएफटीपीने फाइल टाकण्याची परवानगी आहे, त्यांना पासवर्ड बदलायला टर्मिनलच मिळत नाही. लॉगिन नुसते नाकारले जाते. आणि डेटाबेस किंवा बॅकअपच्या खात्यांवर तर 'चेज -डी ०' कधीच करू नका. पासवर्डची मुदत संपलेल्या खात्याचे क्रॉनचे (ठरल्या वेळी आपोआप चालणारे) काम पॅम (खाती तपासणारी यंत्रणा) चालू देत नाही. रात्रीचा बॅकअप मुकाट्याने थांबतो आणि तो नाही हे गरज पडेल तेव्हाच कळते.

'स्टुडंट@१२३' आजच बंद करा. सगळ्यांना एकच तात्पुरता पासवर्ड आणि पहिल्या लॉगिनला सक्तीचा बदल, हे एकत्र आले की जो आधी पोहोचेल त्याचे खाते होते. शेजारच्या मुलाने गंमत म्हणून केले तरी खऱ्या मालकाला दार बंद. प्रत्येकाला वेगळा, कुणालाही ओळखता न येणारा द्या:

पीडब्ल्यूजेन -एस -ए -बी १२ १

यात एस लहान, ए आणि बी मोठे. मोठी अक्षरे वगळली जातात, आणि शून्य व ओ, एक व एल अशी गल्लत होणारी चिन्हेही. फोनवर सांगायचा झाला तर चार-चारच्या गटात सांगा. बी-डी-पी-टी आणि एम-एन ही अक्षरे फोनवर सारखीच ऐकू येतात, तेव्हा त्यांना ओळखीच्या इंग्रजी शब्दाची जोड द्या. मराठी शब्दांचा पासवर्ड करण्याचा मोह होतो, पण ज्वारी हा शब्द तीन जण रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहितात आणि तक्रार परत तुमच्याकडेच येते.

दिवाळीनंतर साठ खाती एकदम करायची असतील तर 'सीएचपासडब्ल्यूडी' वापरा. एका ओळीत खाते, अपूर्णविराम, पासवर्ड अशी फाइल करा, ती फक्त रूटला वाचता येईल अशी, म्हणजे ६०० परवानगीची ठेवा आणि फाइलच कमांडला द्या. कमांडच्या ओळीत पासवर्ड टाइप करू नका, तो शेलच्या इतिहासात राहतो. 'युजरमॉड -पी' हा पर्याय सोपा वाटतो पण तो तयार हॅश मागतो. साधा पासवर्ड दिला तर तो जसाच्या तसा शॅडोमध्ये जातो आणि कुणाचेच लॉगिन होत नाही.

यादी विंडोजवरच्या एक्सेल किंवा नोटपॅडमधून आली असेल तर दोन गोष्टी बिघडतात. एक्सेल सुरुवातीची शून्ये गाळते. आणि विंडोजच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे कॅरेज रिटर्न असते. ते पासवर्डचाच भाग बनते, चिठ्ठीवर बारा अक्षरे असतात आणि सर्व्हरवर तेरा. कमांड एकही चूक दाखवत नाही, तरी साठच्या साठ लॉगिन बंद. फाइल आधी 'डॉसटूयुनिक्स'मधून काढा, मग 'कॅट -ए', ए मोठा, करून पाहा. ओळीच्या शेवटी नुसते $ दिसले पाहिजे, त्याच्या आधी टोपीचे चिन्ह आणि मोठा एम नको. हे झाल्यावर एका खात्यावर चाचणी घ्या, मगच बाकीची करा, आणि प्रत्येक खात्यावर वरचे 'चेज -डी ०'ही करा. चिठ्ठ्या छापून, कापून, ओळखपत्र पाहून हातात द्या आणि फाइल पुसून टाका. पुढे आठवडाभर शॅडोच्या तिसऱ्या रकान्यात शून्य असलेली नावे काढत राहा: ज्यांनी तात्पुरता पासवर्ड अजून बदललेला नाही ती ही खाती. आठवड्यानंतर ती कुलूपबंद करा.

रूट असूनही 'ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर' आला तर पासवर्डवर शंका घेऊ नका. शॅडो फाइल लिहिता येत नाहीये. आधी 'डीएफ -एच' आणि 'डीएफ -आय' पाहा: जागा संपली तरी हेच, आयनोड (फाइलच्या नोंदींच्या जागा) संपले तरी हेच. मग 'माउंट' पाहा; वीज अचानक गेल्यावर फाइल सिस्टीममध्ये चूक सापडली की लिनक्स ती नुसती वाचण्यापुरती लावते. अशा वेळी तिला जबरदस्तीने लिहिती करू नका, आधी एफएससीकेने तपासा. जागाही आहे आणि लिहिताही येते, तर 'एलएसएटीटीआर /ईटीसी/शॅडो' करून त्यावर आय हे (फाइल बदलू न देणारे) चिन्ह कुणी लावले आहे का पाहा. त्याच फोल्डरमध्ये शॅडोच्या नावाची, शेवटी 'डॉट लॉक' असलेली फाइल मागे राहिली असेल तर पासवर्डची कुठलीही कमांड सध्या चालू नाही याची खात्री करून ती काढा. तुम्हाला बदलता येतो आणि मुलांना स्वतःचा बदलता येत नाही, असे असेल तर /यूएसआर/बिन/पासडब्ल्यूडी या फाइलची परवानगी ४७५५ आहे का पाहा. कुणीतरी सरसकट परवानग्या बदलल्या की तो पुढचा ४ जातो.

शॅडो फाइल कधी हाताने दुरुस्त करायची वेळ आलीच तर साधा एडिटर उघडू नका. 'व्हीआयपीडब्ल्यू -एस' वापरा, ते फाइलला कुलूप लावून उघडते, आणि नंतर 'पीडब्ल्यूसीके' चालवून तपासा.

पासवर्ड बदलल्याने काय बदलत नाही, हेही सांगितले पाहिजे. आधीपासून उघडी असलेली सत्रे चालूच राहतात. 'ऑथराइज्ड कीज' फाइलमधली एसएसएच किल्ली चालूच राहते. नुसते 'पासडब्ल्यूडी -एल' केलेले कुलूपही तिला अडवत नाही. म्हणून कुणीतरी खात्यात घुसल्याचा संशय असेल तर पासवर्डसोबत ती फाइल, क्रॉनटॅब आणि चालू प्रक्रिया हे सगळे पाहावे लागते. साम्बाचा पासवर्ड वेगळ्या जागी असतो. लॅबमधल्या विंडोज मशीनवरून सामायिक फोल्डर उघडत असतील तर 'एसएमबीपासडब्ल्यूडी' वेगळे करा. आणि जे जुन्या पासवर्डनेच कुलूपबंद केलेले असते ते तुमच्या रीसेटने उघडत नाही: ग्नोमची कीरिंग (साठवलेल्या पासवर्डची पेटी), जुन्या उबंटूवरचे ई-क्रिप्टएफएसने कूटबद्ध केलेले होम, एसएसएच किल्लीचा सांकेतिक वाक्यांश. विद्यार्थ्याचे होम कूटबद्ध असेल तर रीसेटच्या आधीच त्याला सांगा की जुना पासवर्ड आठवला नाही तर आतल्या फाइल तुम्हालाही काढता येणार नाहीत.

खाते स्थानिक नसेल तर हे सगळे दुसऱ्या मशीनवर करावे लागते. 'गेटएंट पासडब्ल्यूडी सीएस१७' उत्तर देते पण /ईटीसी/पासडब्ल्यूडी फाइलमध्ये ते नाव नाही, याचा अर्थ खाते एलडॅप, फ्रीआयपीए किंवा अॅक्टिव्ह डिरेक्टरी अशा मध्यवर्ती यादीतून येते. त्याच नावाचे स्थानिक खाते तयार करून वेळ मारून नेऊ नका; दोन यूआयडी (खात्याचे क्रमांक) होतात आणि फाइलची मालकी विस्कटते. फ्रीआयपीएत प्रशासकाने दिलेला पासवर्ड आपोआपच मुदतबाह्य असतो, वेगळे 'चेज' लागत नाही.

मुख्य पासवर्डच हरवला असेल तर सर्व्हरच्या समोर बसावे लागते. उबंटूवर रूट बहुधा बंदच असतो, म्हणजे हरवलेला असतो तो सुडोचा अधिकार असलेल्या खात्याचा. मशीन चालू होताना शिफ्ट धरा, यूईएफआय असेल तर एस्केप दाबा, ग्रबच्या (मशीन सुरू होतानाच्या मेनूच्या) यादीत रिकव्हरी मोड निवडा, त्यात रूट. तिथे:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /
पासडब्ल्यूडी (प्रशासकाचे खाते)

रिकव्हरी मोड आत घेत नसेल (डेबियनवर रूट बंद असेल तर घेत नाही) तर ग्रबच्या नोंदीवर ई दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतला 'आरओ' काढून 'आरडब्ल्यू' करा, शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' जोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. पासवर्ड बदला, 'सिंक' करा, मग 'रीबूट -एफ'; साधे रीबूट इथे चालत नाही, कारण सिस्टमडी (बाकी सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) सुरूच झालेले नाही. रेड हॅटच्या घराण्यात एक पायरी जास्त: रीबूटच्या आधी 'टच /.ऑटोरीलेबल'. ती राहिली तर शॅडो फाइलचे सेलिनक्सचे (तिथल्या सुरक्षा यंत्रणेचे) लेबल चुकीचे राहते आणि बरोबर पासवर्डही नाकारला जातो. केल्यावर पहिल्या बूटला सगळ्या फाइलची लेबले पुन्हा लागतात. मोठ्या डिस्कवर बराच वेळ जातो, तेव्हा अडकले समजून बटण दाबू नका. डिस्क लुक्सने कूटबद्ध असेल तर तिचा सांकेतिक वाक्यांश लागेलच, त्याला पळवाट नाही. तो बंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात असावा.

हेच सगळे कुणीही सर्व्हरच्या खोलीत येऊन करू शकतो. खोलीला कुलूप आणि ग्रबला पासवर्ड लावा.

लॅब असिस्टंटकडे काम जरूर द्या, पण सुडोच्या नियमात सरळ 'पासडब्ल्यूडी' आणि पुढे तारका लिहून देऊ नका. 'रूट सोडून' असा अपवाद लिहिला तरी सुडोचा अधिकार असलेल्या दुसऱ्या खात्याचा पासवर्ड बदलून तो माणूस प्रशासक होऊ शकतो, आणि तारकेत रिकाम्या जागा व पर्यायही बसतात. त्याऐवजी एक छोटी स्क्रिप्ट करा, रूटच्या मालकीची, दुसऱ्या कुणाला लिहिता न येणारी, आणि सुडोमध्ये तेवढीच द्या. तिने एकच नाव घ्यावे. ते फक्त लहान अक्षरे आणि अंकांचे आहे हे तपासावे. खात्याचा यूआयडी १००० किंवा त्याहून मोठा आहे, ते 'स्टुडंट्स' गटात आहे आणि 'सुडो' किंवा 'अॅडमिन' गटात नाही, हे पाहावे. मग पीडब्ल्यूजेनने पासवर्ड काढून सीएचपासडब्ल्यूडीला पाइपने द्यावा, चेज -डी ० करावे, फेललॉक पुसावे, 'लॉगर'ने खाते आणि करणाऱ्याचे नाव सिसलॉगमध्ये टाकावे आणि तात्पुरता पासवर्ड स्क्रीनवर एकदाच दाखवावा. चाचणी घेताना रूट, तुमचे स्वतःचे खाते, अस्तित्वात नसलेले नाव आणि मध्ये रिकामी जागा असलेले नाव, ही चारही टाकून पाहा. चारही वेळा तिने नकार दिला की मगच ती असिस्टंटच्या हाती द्या.

आणि तुम्ही दर ३० दिवसांची मुदत लावून ठेवली असेल तर ती काढा. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनेही २०१७ च्या ८००-६३बी मार्गदर्शिकेत, पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना ठरावीक काळाने सक्तीचा बदल नको असे म्हटले आहे. सुट्टीच्या आदल्या आठवड्यात बदलायला लावलेला पासवर्डच मुले सुट्टीत विसरतात. त्याऐवजी किमान १२ अक्षरांचा पासवर्ड मागा आणि दुसऱ्या वर्षापासून पुढच्या मुलांना एसएसएच किल्ली तयार करायला पहिल्याच प्रात्यक्षिकात शिकवा.